उभ्या गाडीला चावी लावण्याआधी

पुणे,
एप्रिलचा तिसरा आठवडा

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

आजीचं ऑपरेशन नीट पार पडलं. वॉकर घेऊन ती आता गॅलरीपर्यंत जाते, पण अजून महिनाभर तरी तिला एकटं ठेवता यायचं नाही. म्हणजे यंदा आपली मझ्दा मियाटा गाडी बाहेर काढायला मी मिशिगनमध्ये, नोव्हायला नसणार. परवा तू फोनवर म्हणालीस, ‘बाबा, तू येईपर्यंत राहू दे उभी.’ तसं करू नकोस. हे काम तू कर. तुला जमेल याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ऑक्टोबरपासून गाडी गॅरेजमध्ये आहे. उभ्या गाडीला विश्रांती मिळते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं गं. टाकीतलं पेट्रोल जुनं होत असतं आणि त्यातलं दहा टक्के इथेनॉल हवेतलं पाणी ओढत असतं. ब्रेक फ्लुइडलाही दमटपणा धरायची सवय. टायरच्या एकाच जागेवर पाच-सहा महिने सगळं वजन. इंजिनातलं ऑइल निथळून खाली तळात उतरलेलं, वरचे कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, जवळजवळ कोरडे. म्हणून चावी सगळ्यात शेवटी. आधी उभं राहून गाडीचं काय काय झालंय ते डोळ्यांनी, हातांनी आणि नाकानं बघायचं. घाई करून आधी सेल्फ मारणारी माणसं मला बघवत नाहीत.

शेजारचे काका त्यांची गाडी हिवाळ्यात दर पंधरवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवतात. आपण तसं का करत नाही, असं तू विचारलं होतंस. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटांत ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं आणि आतून गंज धरतो. त्यापेक्षा नीट बांधून ठेवलेली गाडी बरी.

पहिली गोष्ट, दिवस बघून निवड. मिशिगनमध्ये एप्रिलातही बर्फ पडतो हे तुला मी सांगायला नको. रस्त्यावरचं मीठ धुऊन जायला दोन-तीन चांगले पाऊस पडू देत. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचे पत्रे खाल्ले ते मिठानंच. आपल्या गाडीच्या मागच्या चाकांपुढचे सिल, म्हणजे दारांखालचे पोकळ पत्रे, अजून शाबूत आहेत, कारण तिनं मिठाचा रस्ता पाहिलेला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी इन्शुरन्सवाल्यांना फोन कर. हिवाळ्यात आपण फक्त चोरी-आगीचा विमा ठेवतो, त्यावर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नंबरप्लेटचा स्टिकर माझ्या वाढदिवसापर्यंत चालतो, त्याची काळजी नाही.

आता गॅरेजमध्ये. कव्हर काढलंस की आधी सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेली स्टीलची लोकर काढ. उंदीर आत जाऊ नयेत म्हणून मी ती घातली होती. स्टिअरिंगला चिकटवलेल्या कागदावर तसं लिहिलंय, तरी इथेही सांगतो. मग बॉनेट उघड. ड्रायव्हरच्या बाजूला पुढे काळी पेटी आहे ती एअर फिल्टरची. तिच्या क्लिपा सोडून आत बघ. उंदरांना ती जागा फार आवडते. वायरिंगवरून हात फिरव, कुठे कुरतडलेलं लागतंय का ते पाहा. लेंड्या किंवा घरटं दिसलं तर झाडू नकोस, व्हॅक्यूम तर मुळीच लावू नकोस. तिकडच्या रानउंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस पसरतो, आणि तो कोरड्या धुळीतून श्वासात जातो. मास्क आणि हातमोजे घाल, ब्लीचचं पाणी फवार, पाच मिनिटं थांब, मग पेपर टॉवेलनं टिपून पिशवी बांधून टाकून दे. यात हयगय करू नकोस.

बॅटरी डिकीत आहे, उजव्या कोपऱ्यात. बंद डिकीत बॅटरी असल्यामुळे तिला बारीक नळ्या जोडलेल्या आहेत, चार्ज होताना निघणारा वायू त्यांतून बाहेर जातो. त्या नळ्या निसटलेल्या नाहीत ना, हे बघ. मी मेन्टेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून आलोय, तेव्हा मीटरवर 12.6 च्या आसपास यायला हवं. 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. मेन्टेनर काढ. टर्मिनल सैल वाटलं तर दहाच्या पान्यानं आवळ. केबल काढायची वेळ आली तर निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, आधी सांगितलंय तसंच.

ऑइल बदलायचं नाही. ते मी ऑक्टोबरमध्येच बदललं, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं आणि ते हिवाळाभर बेअरिंगांवर बसू द्यायचं नसतं. फक्त डिपस्टिक बघ. टाकी मी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर घातलंय, म्हणजे पेट्रोल ठीक असणार. तरी झाकण काढून वास घे. व्हार्निशचा उग्र वास आला तर पुढे जाऊ नकोस, मला फोन कर. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मी बदललेले आहेत. शिवाय या 1.6 लिटरच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत.

क्लचकडे मात्र नीट लक्ष दे, या गाडीची ती जुनी दुखरी जागा आहे. क्लचच्या फ्लुइडचा डबा अगदी छोटा आहे. पातळी खाली गेली असेल तर गाडीखाली वाकून टॉर्च मारून बघ. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर आहे, त्याचं रबरी टोपण ओलं दिसलं तर तो गळतोय. डॉट 3 फ्लुइडची सीलबंद बाटली कपाटात आहे, उघडी बाटली वापरू नकोस.

टायरमध्ये मी 40 पाउंड हवा भरून ठेवली होती, एकाच जागी वजन पडून चपटे होऊ नयेत म्हणून. ती 26 वर आण. आकडा कमी वाटेल, पण गाडी जेमतेम साडेनऊशे-हजार किलोची आहे आणि मझ्दानं दारावरच्या पट्टीवर तोच लिहिलाय. गार टायरवरच माप. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का बघ. तिथेच कोरलेल्या तारखेच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आपले 2321 आहेत, अजून वय झालेलं नाही.

यानंतर गाडी ढकलून बाहेर काढायची. आत सुरू करायची नाही, गॅरेजचं दार सताड उघडं असलं तरी नाही. आपलं गॅरेज घराला चिकटून आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो वरच्या खोल्यांत शिरतो. यावर मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. एखाद्या मैत्रिणीला बोलाव. एकीनं आत बसायचं, एकीनं ढकलायचं. चाकांखालचे लाकडी ठोकळे आधी काढा. हँडब्रेक मी ओढलेला नाही, ओढून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे. न्यूट्रल करायच्या आधी एक गोष्ट करून बघ: गिअर तसाच ठेवून क्लच दाबून धर आणि मैत्रिणीला ढकलायला सांग. गाडी हलली म्हणजे क्लचप्लेट मोकळी आहे. हलली नाही तर प्लेट फ्लायव्हीलला गंजानं धरलीय, आणि मग इंजिन सुरू करण्यात अर्थ नाही. बाहेर ड्राइव्हवेला उतार आहे हे विसरू नकोस. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत नसते, पेडल दगडासारखं घट्ट लागेल, तेव्हा पाय जोर लावून दाब.

आता इंजिन. हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ कॅम अँगल सेन्सर आहे, त्याचा प्लग काढ. इंजिन कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळेनासं होतं, म्हणून ठिणगीही पडत नाही आणि पेट्रोलही सुटत नाही. आता क्लच दाबून सेल्फ मार. इंजिन नुसतं फिरेल आणि पंप ऑइल वर चढवेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर सेल्फला गार होऊ दे. डोळे ऑइल प्रेशरच्या काट्यावर ठेव. आपली गाडी 1992 ची आहे, तिचा काटा खरा दाब दाखवतो. 1995 पासून मझ्दानं ठरावीक जागी उभा राहणारा नुसता नावाचा काटा बसवला, तो मला कधीच पटला नाही. काटा शून्यावरून उठला की थांब, प्लग परत लाव. क्लिपचा टक् आवाज ऐकू यायला हवा.

मग पुन्हा क्लच दाब आणि चावी फिरव. लगेच पकडली नाही तर दामटू नकोस. पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचलेलं नसेल. या 1.6 मध्ये सेल्फ चालू असेल किंवा आत जाणाऱ्या हवेनं तिचा फ्लॅप उघडला असेल तरच पेट्रोलपंप चालतो. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला डायग्नॉसिसची छोटी पेटी आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नावं छापलेली आहेत. ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ ही दोन भोकं वायरच्या तुकड्यानं जोड आणि चावी फक्त ऑन कर. मागून पंपाची घूं अशी गुणगुण ऐकू येईल. अर्धा मिनिट चालू दे, चावी बंद कर, वायर काढ, मग सेल्फ मार. वायर तिथेच विसरू नकोस.

इंजिन लागल्यावर वरून शिवणयंत्रासारखी टिकटिक येईल. घाबरू नकोस. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटमधलं ऑइल उतरलेलं असतं, ते भरेपर्यंत टॅपेट वाजतात. पाच-दहा मिनिटांत आवाज कमी होत जातो. मात्र खालून जड ठोके आले किंवा ऑइलचा काटा पडला तर त्याच क्षणी बंद कर. रेस करू नकोस. आयडल आधी चढा राहील, तापली की 850 च्या आसपास बसेल. या वेळात एकदा खाली वाकून बघ, काही ठिबकतंय का. सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येतील, ते येऊ देत.

कापडी टप त्याच दिवशी खाली घेऊ नकोस. त्याची मागची काच प्लॅस्टिकची आहे, गारठ्यात कडक होते आणि दुमडली की चिरते. ऊन पडलं, प्लॅस्टिक हाताला मऊ लागलं की आधी तिची चेन उघड, काच सपाट पसर, मग टप खाली. सीटबेल्टच्या खांबांच्या तळाशी पाणी जायची भोकं आहेत, पानांनी तुंबतात. दोन्ही बाजूंनी कपभर पाणी ओत आणि मागच्या चाकांपुढे जमिनीवर येतंय का बघ. आलं नाही तर ते सिलमध्ये साचतंय. वर मिठाचं लिहिलं, ते सिल असे आतूनही कुजतात.

या गाडीवर माझा एवढा जीव का, असं आईनं किती वेळा विचारलंय. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मझ्दानं ती आणली, तेव्हा जुन्या इंग्रजी धाटणीच्या हलक्या, उघड्या दोन सीटच्या गाड्या बाजारातून जवळजवळ संपल्या होत्या. तो आनंद त्यांनी परत आणला, आणि गाडी रोज सुरू होईल अशीही बनवली. पुढे 2016 मध्ये दहा लाखावी गाडी निघाली. माझं आयुष्य डेट्रॉइटच्या भागात गाड्यांच्या ड्रॉइंगवर गेलं. आताच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की नुसतं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. मियाटात प्रत्येक वस्तूपर्यंत तुझा हात पोचतो. तू तिच्यावर शिकावंस असं मला फार वाटतं.

पहिली फेरी हाइन्स ड्राइव्हला कर, नॉर्थव्हिलकडून शिर. नदीकाठचा वळणांचा रस्ता आहे, गर्दी नसते. फार पाऊस झाला असेल तर तो पुरानं बंद असतो, आधी चौकशी कर. ज्या एडवर्ड हाइन्सचं नाव त्याला आहे, त्यानंच 1911 मध्ये रस्त्याच्या मधोमध रेघ रंगवायची कल्पना काढली असं तिथल्या वेन काउंटीत अभिमानानं सांगतात. निघाल्यावर लगेच ब्रेक दोन-तीनदा हळू दाबून बघ. डिस्कवरचा गंज खरवडतो तेव्हा खरखर होते, थोड्या वेळात जाते. टायर पहिल्या दोन-तीन मैलांत थरथरतील, गरम झाले की गोल होतात. वीस-पंचवीस मिनिटं सलग चालव, म्हणजे ऑइल पूर्ण तापेल. घरी आलीस की प्रत्येक चाकाजवळ नुसता हात ने, डिस्कला लावू नकोस. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्याचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, धरतोय. मागचेच बहुधा धरतात. तसं असेल तर गाडी उभी कर. मी आल्यावर दोघं मिळून तो उघडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजची फरशी बघ, टायरची हवा पुन्हा माप, आणि मैल ग्लव्हबॉक्समधल्या वहीत लिही. तुझ्या अक्षरात.

तू सकाळी दहाला सुरू केलीस तर इथे संध्याकाळचे साडेसात असतील, आजीचं जेवण आटोपलेलं असतं. फोन स्पीकरवर टाकून बॉनेटजवळ धर, टॅपेटचा आवाज मला ऐकायचाय.

तुझा,
बाबा