इअरफोनची तुलना आवाजाची पातळी जुळवूनच व्हावी

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतला दोन उंची इअरफोनची तुलना करणारा लेख वाचला. सेनहायझरचा आयई ९०० ‘बुजरा’ आणि ६४ ऑडिओचा यू१२टी ‘जिवंत’, असा निकाल त्यात दिला आहे. दोन्ही इअरफोन एकाच प्लेअरला जोडून, व्हॉल्यूमला हात न लावता आळीपाळीने ऐकले, असे लेखक सांगतात. माझी हरकत नेमकी याच पद्धतीला आहे. मी ध्वनिमुद्रणाचे काम करते आणि हे दोन्ही इअरफोन माझ्या नेहमीच्या वापरातले आहेत.

यू१२टी जास्त संवेदनशील आहे. प्लेअरचा आकडा तोच ठेवला तर तो आयई ९०० पेक्षा मोठा वाजतो. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तो वाढवला की खर्ज भरत जातो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे दोहोंपैकी एक इअरफोन थोडा मोठा वाजला, की तो भरदार वाटतो आणि त्यात बारकावेही जास्त असल्याचा भास होतो. फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर ऐकणारा त्याला ‘मोठा’ म्हणतच नाही, ‘चांगला’ म्हणतो. लेखकाच्या कानांवर माझा अविश्वास नाही. त्यांनी जे ऐकले ते खरेच होते, पण त्यातला किती भाग इअरफोनचा आणि किती व्हॉल्यूमचा, हे त्या पद्धतीने कळायला मार्ग नाही.

मी दोन्हींची पातळी कपलर (कानाच्या पोकळीची नक्कल करणारे मापनाचे साधन) आणि मायक्रोफोन लावून जुळवते आणि मगच ऐकते. तसे ऐकल्यावर ‘बुजरा’ हा शब्द आयई ९०० ला मुळीच लागू पडत नाही. दोघांत जास्त उठावदार तोच आहे! त्याच्यात ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा भाग, आहे आणि ढोलाची थाप पडते तेव्हा हवा हलल्याचे कानाला जाणवते. थापेनंतरची घुमारीही सावकाश विरते. वरच्या टोकाला झांजेची कड लख्ख येते. तिथे तीक्ष्णपणा वाढू नये म्हणून अॅल्युमिनियमच्या कवचातच बारीक पोकळ्या कोरल्या आहेत. त्या ठरावीक कंपनसंख्यांवरचा अनुनाद शोषून घेतात. गाणाऱ्याचा आवाज मात्र एक पाऊल मागे उभा राहतो, आणि ही मला या इअरफोनची खरी उणीव वाटते.

यू१२टी मध्ये प्रत्येक कानाला १२ बॅलन्स्ड आर्मेचर (चिमुकली पत्ती हलवून आवाज काढणारे) ड्रायव्हर आहेत, त्यातले ४ केवळ खर्जासाठी. इतके असूनही थाप येते आणि लगेच निघून जाते, छातीत उतरत नाही. त्याचे बळ वेगळ्या जागी आहे. व्हायोलिन, तंबोरा आणि गळा एकाच पट्टीत एकमेकांवर येतात तेव्हा तिघांची जागा तो निरनिराळी ठेवतो. तंबोऱ्याची जवारी आयई ९०० वर पुढे येऊन चमकते, तर यू१२टी वर ती गाण्याच्या मागे अखंड पसरलेली राहते आणि प्रत्येक तार सुटी कळते. ध्वनिमुद्रणाच्या मिश्रणातली चूक शोधायला मी यू१२टी लावते. काम संपवून केवळ ऐकायचे असते तेव्हा हात आयई ९०० कडेच जातो.

लेखात टिप्सचा, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोप्यांचा, उल्लेखच नाही, हेही खटकले. कानात टिप नीट बसली नाही आणि फट राहिली तर सर्वांत आधी खर्ज गळतो. मग खर्ज कमी हा दोष ड्रायव्हरचा की टिपच्या मापाचा, हे वाचकाने कसे ठरवायचे? आयई ९०० ची कानात जाणारी नळी आखूड असल्याने त्याच्या बाबतीत हे फार घडते. यू१२टी सोबत कानातला दाब कमी करणारी एपेक्स मॉड्यूल, म्हणजे बदलता येणारे छोटे भाग, येतात. त्यांतले एम१५ लावले की बाहेरचा आवाज जास्त आत येतो आणि खर्ज हलका होतो, एम२० लावले की तो पुन्हा भरतो. लेखकाने कोणते लावले होते, हे कळले असते तर त्यांचे खर्जाबद्दलचे मत मला तपासून पाहता आले असते.

इतक्या बारकाईने ऐकणारे वाचक आपल्याकडे आहेत म्हणूनच आपण अशा विषयाला पानभर जागा दिलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. या लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर आवाजाची पातळी कशी जुळवली, टिप कोणत्या मापाची होती, कोणते मॉड्यूल लावले आणि कोणती ध्वनिमुद्रणे ऐकली, एवढे चौकटीत छापावे. लेखकाने हेच दोन इअरफोन पातळी जुळवून पुन्हा ऐकावेत आणि निकाल बदलला तर तोही लिहावा, ही विनंती.

– एक ध्वनिमुद्रक वाचक