लग्नाला विग घालायचा की नाही

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

चाईने केस गेलेत, तर दादाच्या लग्नात विग घालू का, असं काल फोनवर विचारलंस. मामी शेजारीच बसली होती, म्हणून लिहूनच कळवते.

तुला हौस असेल तर घाल. आमचा मान राखायला किंवा अल्बम चांगला दिसावा म्हणून नको. मे महिन्यातलं कोल्हापूर, त्यात पैठणी आणि होमाचा धूर. भुवया गेल्यापासून घाम थेट डोळ्यांत उतरतो, हे तूच सांगितलं होतंस. विगखाली काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

"मंगलकार्यात बाईचं डोकं बोडकं?" असं मामी म्हणणार, हे धरूनच चाल. हे कुठून आलं, तर विधवांच्या केशवपनातून. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचे आणि शुभकार्यात तिला पुढे येऊ द्यायचे नाहीत. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनीच ते काम नाकारलं. मामी अजून त्याच्याही अलीकडे यायची आहे. तिला मी बघून घेईन.

चाईवर आत्याने पुन्हा कांद्याचा रस सुचवलाय. म्हटलं, अहो, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलीय, ती रस चोळून कशी शांत होणार? तुझ्या नखांवरचे बारीक खड्डेही त्यातलेच. मुळं जिवंत असतात, त्यामुळे केस परत येऊ शकतात, आणि आलेले पुन्हा जाऊही शकतात. बॅरिसिटिनिबच्या गोळीला २०२२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. पण ती बंद केली की बऱ्याच जणांचे केस पुन्हा गळतात, शिवाय रक्ताच्या तपासण्या मागे लागतात. घ्यायची की नाही, ते डॉक्टरांशी बोलून तूच ठरव. खर्चाचा विषय कुणी काढणार नाही, बाबांना बजावलंय.

गेल्या खेपेला तुझ्या डोक्याला तेल लावताना कानामागची जुनी खोक दिसली, झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाची. इतकी वर्षं केसांत दडली होती. मला उगाचच बरं वाटलं. असो.

गजरा मनगटाला बांधू. टिकली मोठी लाव, तुला शोभते. आणि ब्लाउजचं माप लगेच पाठव, रविवारनंतर घेणार नाही म्हणतोय शिंपी.

तुझी,
आई