चढण्याआधी खालून पाहा

चि. महेश यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी चिडलो आणि तुझे म्हणणे पुरते न ऐकताच फोन ठेवला, ही चूक माझीच. पण चाकणच्या शेडवर तुझ्याबरोबरचा मुलगा फायबरच्या पत्र्यातून खाली गेला, हे तू पाऊस पडल्याची बातमी द्यावी तसे सांगितलेस, ते माझ्याने ऐकवले नाही. त्याच्या घरी कोणी कळवले का?

तो पारदर्शक पत्रा धुळीने आणि उन्हाने काही वर्षांत शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो आणि वरून ओळखू येत नाही. म्हणून चढण्याआधी शेडच्या आत उभे राहून वर पाहावे, उजेड कुठून येतो ते मोजून घ्यावे आणि वर गेल्यावर तेवढ्या जागांवर खडूने खुणा कराव्यात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर फळ्या टाकल्याशिवाय पाऊल ठेवू नये, आणि फळ्याही खालच्या पर्लिनवर, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या आडव्या दांड्यांवर, टेकलेल्या असाव्यात. आपल्या घराचा वासा मोडण्याआधी करकरतो, माणसाला सावरायला वेळ देतो. सिमेंटचा पत्रा तेवढीही दया करत नाही. हे सारे तुला ठाऊक आहे आणि मी पुन्हा शिकवायला बसलो, राग मानू नकोस.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनची छपरे उडवली, तेव्हा पावसाआधी घरे झाकायची म्हणून मी दिवसाला तीन-तीन घरांवर चढत होतो. अण्णांच्या पडवीवरून पडलो ती उंची जेमतेम दहा फूट. पण टाचेचे हाड पिचले ते पिचलेच, आणि आजही मला जेवायला खुर्ची लागते. कामगारांना मदत देणाऱ्या सरकारी बांधकाम कामगार मंडळात माझी नोंद नव्हती, कारण वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आणायचे मी आज-उद्या करत राहिलो. तू तो आणलास का?

तू आठ वर्षांचा असताना शाकारणीच्या दिवशी, कोणाला न विचारता, हातात कौल घेऊन थेट आढ्यापर्यंत आला होतास. आई खालून ओरडत होती आणि मी मात्र साऱ्या आळीला ऐकू जाईल असा हसलो होतो. ते हसणे हल्ली मला रात्री आठवते.

ठेकेदार पडू नये म्हणून कमरेला बांधायचा बेल्ट देतो असे म्हणालास, पण त्याचा हूक कशाला अडकवता, ते सांगितले नाहीस.

आईने सुक्या बोंबलांचा डबा बबनच्या गाडीने पाठवला आहे. मिळाला की फोन कर, आणि हुकाचे तेव्हा सांग.

तुझे बाबा