परदेशी रोजगाराच्या करारात दुभाष्याचीही तरतूद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, तेव्हापासून परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, आचारी अशा अनेक व्यवसायांतील तरुणांना जर्मन शिकवून तिकडे पाठवण्याविषयी मराठी वृत्तपत्रांत बरेच लिहून आले आहे. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवण्याचा मानस तेव्हा जाहीर झाला होता. ही योजना त्यानंतर किती पुढे सरकली, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. वेतन, व्हिसा, राहण्याची सोय, भाषेची परीक्षा यांची चर्चा भरपूर झाली. पण ही माणसे तिकडे आजारी पडली तर डॉक्टरांशी कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मी त्याच राज्याची राजधानी असलेल्या स्टुटगार्टमध्ये बरीच वर्षे राहते आणि ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर दुभाषी म्हणून अधूनमधून दवाखान्यात जाते, म्हणून हे लिहीत आहे.

जर्मनीत इंग्रजीवर भागते, असे निघताना सगळेच सांगतात. डॉक्टरांपुरते ते पुष्कळसे खरेही आहे. मात्र डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोहोचायचे, तर आधी फोनवर वेळ घ्यावी लागते, मग काउंटरवरच्या सहायिकेला आपल्याला काय होते आहे ते सांगावे लागते आणि त्यानंतर पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, चालू औषधे यांची माहिती विचारणारा छापील अर्ज भरून सही करावी लागते. हे सारे बहुतेक ठिकाणी फक्त जर्मनमध्येच चालते, आणि नवखा माणूस अडतो तो इथेच. शिवाय पुण्यात गुडघा दुखला की आपण थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, तसे इथे सहसा होत नाही. आधी आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांनी चिठ्ठी दिली की तज्ज्ञाकडे, अशी रीत आहे. दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर फोन करायचा आणि जिवावर बेतले असेल तरच ११२ लावायचा, हेही अनेकांना ठाऊक नसते. मग साध्या तापासाठी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तासन्‌तास ताटकळत बसणारी आपली मंडळी दिसतात. (विश्रांती घ्या, गरम काहीतरी प्या, एवढेच सांगून डॉक्टरांनी घरी पाठवले की ती दुखावतातही, पण गोळ्या कमी देणे हा इथला शिरस्ता आहे, त्यात परक्या माणसाची हेळसांड नाही.)

कायदा काय सांगतो, ते पाहण्यासारखे आहे. २०१३ मध्ये जर्मनीत रुग्णांच्या हक्कांचा कायदा झाला. उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके आणि पर्याय डॉक्टरांनी रुग्णाला समजेल अशा रीतीने तोंडी सांगितलेच पाहिजेत, असे त्यात स्पष्ट आहे. कर्णबधिर रुग्णासाठी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च विमा संस्था करते, आणि ते योग्यच आहे. परक्या भाषेच्या रुग्णासाठी मात्र सरकारी आरोग्य विम्यात अशी सोय नाही. २०२१ साली सत्तेवर आलेल्या आघाडीने ती कायद्यात आणण्याचे आश्वासन आपल्या करारनाम्यात लेखी दिले होते. ते सरकार २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोसळले, तोवर ते पूर्ण झालेले नव्हते. थोडक्यात, समजावून सांगण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे, पण दुभाषी शोधायचा आणि त्याचे पैसे मोजायचे रुग्णाने.

पैसे मोजायचे नसतील, तर उरतात घरचीच माणसे. ‘ब्लू कार्ड’वर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, येणाऱ्या नोकरदाराच्या पती किंवा पत्नीला जर्मन येत असल्याचा दाखला द्यावा लागत नाही. ही सवलत चांगली आहे, परंतु तिचा परिणाम असा होतो की अनेक सुशिक्षित मराठी स्त्रिया इथे येतात तेव्हा त्यांना जर्मनचा गंध नसतो, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना दुभाषी म्हणून नवराच सोबत असतो. पाळीच्या तक्रारी, पूर्वीचा गर्भपात, बाळंतपणानंतरची उदासी यांतले किती ती त्याच्या तोंडून बोलवून घेईल? घरात तिचा छळ होत असेल, तर तो डॉक्टरांना कळण्याची वाटच बंद होते. बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत सुईण घरी येऊन आई व बाळाची काळजी घेते आणि तो खर्च विमा देतो. मात्र तिला गरोदरपणाच्या सुरुवातीलाच फोन करून ठरवावे लागते. ज्या स्त्रीला फोनवर बोलता येत नाही, तिच्या हातून ही मोलाची सोय निसटते. जी कुटुंबे इथे मुरली आहेत, त्यांच्यात हे काम शाळकरी मुलांकडे जाते. आजीच्या गाठीचा अहवाल बारा वर्षांच्या नातवाने तिला समजावून सांगणे हे कौतुकाचे नाही, क्रूरपणाचे आहे. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्याची मनाई आहे, ती उगीच नाही.

मोबाइलवरच्या भाषांतराचा उपयोग मीही काउंटरवर करते. परंतु शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यावर भिस्त ठेवू नये. त्याने केलेली चूक मराठी रुग्णालाही कळत नाही आणि जर्मन डॉक्टरांनाही.

मुलांना भेटायला येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा विमा घ्यावा लागतो, पण तो मुख्यतः अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो; जुन्या मधुमेहाचे नेहमीचे उपचार त्यात सहसा बसत नाहीत. आपल्याकडच्या गोळ्यांची व्यापारी नावे इथल्या औषधविक्रेत्याला ओळखीची नसतात, तेव्हा प्रत्येक गोळीतल्या औषधाचे मूळ नाव आणि मात्रा आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणावी. रक्तातील साखर जर्मनीत दोन परिमाणांत मोजतात. आपल्याकडच्या १२६ या आकड्याच्या जागी अहवालात ७ दिसला, तर घाबरून गोळी बंद करू नये.

आता शासनाकडे मागणे. परिचारिकेच्या कामासाठी जाणाऱ्यांना तिथे नोंदणीसाठी जर्मनची वरची पातळी गाठावी लागते, त्यामुळे त्यांचे निभावेल. वाहनचालक आणि आचारी यांना मात्र कामापुरती भाषा शिकवली जाईल. त्यांच्या अभ्यासक्रमात काही तास रुग्ण म्हणून बोलण्यासाठी राखून ठेवावेत आणि दवाखान्यातला खरा अर्ज वर्गातच भरून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दूरध्वनीवरून दुभाषी मिळण्याची तरतूद करारातच असावी आणि त्याचा खर्च मनुष्यबळ मागणाऱ्यांनी उचलावा. ऑस्ट्रेलियात अशी सरकारी सेवा १९७३ पासून आहे. डॉक्टर तिथे फोन लावतात आणि दुभाषी दोघांशी बोलतो. जर्मन उत्तम जाणणाऱ्या माणसांची पुण्यात वाण नाही. त्यांना वैद्यकीय दुभाष्याचे आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे रीतसर प्रशिक्षण दिले, तर हे काम पुण्यात बसूनही होईल. स्टुटगार्टचे दवाखाने सकाळी आठला उघडतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. करारात आरोग्यविषयक कलम सध्या आहे की नाही, आणि असल्यास त्याचा मजकूर काय, हे संबंधित विभागाने आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, स्टुटगार्ट (जर्मनी)