कावळ्यानं टोच मारली म्हणून

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

होस्टेलच्या फाटकापाशी कावळ्यानं टोच मारली, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून आजीनं ‘कावळा शिवला’ म्हणून घर डोक्यावर घेतलंय. तू मनावर घेऊ नकोस. मृगाच्या तोंडावर कावळ्यांची पिल्लं घरट्यात असतात. फाटकाजवळच्या लिंबात नीट बघ, काटक्यांचं घरटं दिसेल. आत कोकिळेचंही पिल्लू असेल कदाचित! कावळ्याला त्याचा पत्ता नसतो, भांडतो मात्र त्याच्यासाठीही तेवढाच.

तू म्हणालीस, एक ओरडला की दहा जमतात. आपल्या शेतातल्या आखाड्यावरचा कोंबडा आठव. मांजर, मुंगूस दिसलं की तो तुटक तुटक कालवा करतो. वर शिक्रा दिसला की मात्र बारीक, लांबट ओरडतो, आणि कोंबड्या कुपाटीखाली चिडीचूप. लहान पक्ष्यांच्या अशाच दोन आवाजांचं कारण पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी 1955 मध्ये मांडलं होतं. बारीक, लांबट सूर नेमका कुठून आला हे ससाण्याला पटकन कळत नाही, म्हणून ओरडणारा वाचतो. खरखरीत, तुटक आवाजाची जागा लगेच सापडते. चार जण गोळा करायचे तर तसाच आवाज हवा.

परवा धुऱ्यावरच्या बाभळीवर घार आली. कोतवाल पक्षी तिच्याहून किती लहान, पण वरून सुटला तो थेट तिच्या पाठीवर. ती वळेपर्यंत हा पुन्हा वर. दोन गिरक्यांत घार तुरीवरून पार ओढ्याकडं गेली. होल्यानं त्याच बाभळीत घरटं केलंय, फुकटचा पहारा मिळतो ना!

तू दगड मात्र उचलू नकोस. अमेरिकेत सिएटलला पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी 2006 साली मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कल्ला करायचे, कधीच न पकडलेलेसुद्धा. आपल्याकडच्या कावळ्यांची परीक्षा तू कशाला घेतेस?

छत्री उघडून जा, नाहीतर मागच्या फाटकानं. पिल्लं उडती झाली की त्यांचं त्यांनाच शांत होईल. आजी नारळ उतरवून टाकायचा म्हणत होती. मी म्हटलं, त्यापेक्षा वड्या कर. रविवारी डबा पाठवतो. मैत्रिणींनाही दे.

तुझे अण्णा