खुले पत्र : टेलच्या बंधाऱ्यात पाणी कधी?

मा. जलसंपदा मंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

निळवंडे धरणाच्या कालव्याच्या या आवर्तनात, म्हणजे पाण्याच्या पाळीत, टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, बंधारे आधी भरून देऊ, असं बैठकीत भर माणसांत सांगितलं गेलं. टाळ्याही पडल्या. बंधारा भरला की आमच्या विहिरीला पाझर येतो, त्या भरवशावर कांदा लावला. पाणी अलीकडच्या शिवारापर्यंत आलं आणि वर कालव्याचं गेट पडलं, पाणी बंद. विचारलं तर पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणाले, "आवर्तन पूर्ण झालंय." म्हणजे कागदावर आमचा बंधारा भरला. अभिनंदन!

कांद्याची पात आधी शेंड्याला पिवळी पडते, मग माना टाकते. लिंबाएवढा गोट धरून पीक थांबलं. मजुरी अंगावर, पतसंस्थेत बायकोचं डोरलं. शेवटी त्या रानात मेंढरं घातली. मेंढपाळ पैसे देत होता, घेववले नाहीत.

१९७० साली या धरणाला मंजुरी मिळाली तेव्हा खर्च आठेक कोटी होता. जागा आधी म्हाळादेवीची, मग निळवंडे. डावा कालवा सुरू व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला, तोवर आकडा ५,१७७ कोटी. माझ्या हिशेबानं सहाशे पटीच्या वर जातो, तुमच्या खात्यानं तपासावा. वरचं भंडारदरा धरण इंग्रजांनी १९१० ला हाती घेतलं, १९२६ ला मोकळे झाले, तेही दगड-चुन्यात. परक्यांना घाई होती, आपल्याला कसली?

भिंत उभी राहिली, पाणी अडलं, कालवे मात्र वर्षानुवर्षं नव्हते. त्या काळात हे पाणी प्यालं कोण? वरच्या अंगाला ऊस कधी वाळल्याचं ऐकलं नाही. अकोले तालुक्यातल्या ज्या लोकांच्या जमिनी बुडाल्या, त्यांनी तर कुणाकडं बघायचं? ८५ किलोमीटर कालवा, १८२ गावं, हे आकडे आता पोरांनाही पाठ झालेत. निवडणूक आली की धरण आपणच बांधलं म्हणणारे चौघं गावात येतात. गेट कुणी पाडलं, ते सांगायला एकही येत नाही. सत्ता कुणाचीही असो, टेल आमचीच.

मागणी दोनच. या आवर्तनात कोणत्या बंधाऱ्यात किती पाणी सोडलं, ते गावच्या चावडीवर लावा. आणि पुढच्या आवर्तनाची तारीख लेखी द्या, सहीनिशी. भाषणात नको.

आपला,
टेलचा एक शेतकरी