ताई, तुम्ही विचारलंत, ‘आईबाप आले का?’

सप्रेम नमस्कार ताई,

आपली ना ओळख, ना भेट. तरी हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्या अंगणातल्या पिल्लाची ओळख तुम्ही फोटोवरून पटवून दिलीत, आणि त्यासाठी नुसत्या ‘थँक यू’वर भागवणं मला पटत नव्हतं.

अंगणात पक्ष्यांसाठी ठेवलेल्या फळांच्या थाळीवर तो मळकट तपकिरी पक्षी येऊन बसला आणि हलेचना, तेव्हा मी कितीतरी जाणकारांना विचारलं. एकांनी ‘फोटो हललाय, नीट काढा, मग विचारा’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी ‘बुलबुलाची मादी’ म्हणून विषय मिटवला. बुलबुलांत नर-मादी दिसायला सारखेच असतात, एवढं तरी जाणकार म्हणवणाऱ्याला ठाऊक असावं! तिसऱ्यांचा सल्ला तर ऐकवत नव्हता: उडत नाही म्हणजे जखमी, खोक्यात ठेवा, दूध-पाव भरवा. पक्ष्यांना दूध पचत नाही. ऐकलं असतं तर ते पिल्लू हकनाक गेलं असतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही त्याच हललेल्या फोटोवर चोचीच्या कोपऱ्याभोवती गोल काढून पाठवलात. ‘जिवणीची ही फुगीर कड बघा. आखूड शेपूट, पिंजारलेली पिसं. शिपाई बुलबुलाचं पिल्लू आहे.’ डोळ्यामागचा लाल ठिपका मोठं झाल्यावर येतो, बुडाखालचा रंगही अजून लालऐवजी नारिंगीच आहे, हे तुम्ही सांगितल्यावर मला दिसायला लागलं. मांजराचं भय असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण खरं सांगू? मनात राहिला तो संध्याकाळचा तुमचा निरोप. तीनच शब्द. ‘आईबाप आले का?’

नाव सांगून झालं होतं, तुमचं काम तिथेच संपलं होतं. तरी दिवसभराच्या धबडग्यात कुणा अनोळखी बाईच्या अंगणातलं पिल्लू तुमच्या लक्षात राहिलं. तो निरोप वाचून मला रडू आलं. माहिती पुष्कळांकडे असते हो. पुन्हा वळून विचारण्याइतकी आस्था फार थोड्यांकडे असते. अशी माणसं भेटली की विचारायची भीड मोडते.

आले होते, ताई. दोघंही. चोचीत अळी धरून आधी कुंपणावर बसले, इकडेतिकडे पाहिलं, मग झुडपात शिरले. पिल्लू पंख थरथरवत अख्खी चोच वासून ओरडत होतं. एवढ्याशा जिवाचा केवढा तो आवाज!

आता थाळीखाली आणखी एक पाहुणा यायला लागलाय. छातीवर खवल्यांसारखे तपकिरी ठिपके, शेपूट सारखी उभारतो. दयाळाचं पिल्लू असावं असं मला वाटतं. फोटो पाठवते आहे, हाही थोडा हललाच आहे.

तुमची ऋणी